जुन्या आउटबोर्ड मशीनसाठी नवा पंखा कसा निवडावा

वर्सोवा, मढ, मनोरी, माहीम, वरळी या कोळीवाड्यांच्या किनाऱ्यावर आजही कित्येक लहान होड्या जुन्या आउटबोर्ड मशीनवर, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून आवळलेल्या इंजिनावर, चालतात. मशीन जुने झाले तरी त्याचा कार्ब्युरेटर, पिस्टन, गिअर यांची दुरुस्ती जाणणारे कारागीर मुंबईत आहेत. पंख्याची, म्हणजे पाण्यात फिरून होडी पुढे ढकलणाऱ्या प्रोपेलरची, निवड मात्र बहुतेक वेळा अंदाजानेच होते. पाते खडकावर आपटून मोडले की शेजारच्या होडीला जो पंखा आहे तसाच आणावा, किंवा दुकानात जो आपल्या शाफ्टवर, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्यावर, चढेल तो घ्यावा, अशी रीत पडून गेली आहे. शाफ्टवर चढणे ही पंख्याची केवळ पहिली पात्रता आहे. आपली होडी, आपण खरोखर नेतो तेवढ्या ओझ्यासह, पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाला पूर्ण जोर देऊन, चालवली असता मशीनला उत्पादकाने मिनिटामागे ठरवून दिलेल्या फेऱ्यांपर्यंत जो पोहोचू देतो आणि त्यापलीकडे जाऊ देत नाही, तोच त्या होडीचा पंखा होय. पुढे सांगितलेली सर्व मोजमापे या एका आकड्यासाठी आहेत.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. पंखा काढून नीट पाहण्यास, मोजण्यास आणि शाफ्ट तपासण्यास हा काळ उत्तम आहे. फेऱ्यांची चाचणी मात्र पाण्यातच करावी लागते, त्यामुळे ती मे महिन्यात होडी वर घेण्यापूर्वी उरकून ठेवली तर पावसाळ्यात निवांतपणे निर्णय घेता येतो.

मशीनची ओळख पटवणे

होडीच्या मागच्या फळीला मशीन जेथे आवळलेले असते, त्या ब्रॅकेटवर एक लहान पट्टी किंवा स्टिकर असतो. त्यावरील मॉडेल आणि अनुक्रमांक कपड्याने पुसून, वाटल्यास गोड्या पाण्याने धुऊन, उतरवून घ्यावा आणि त्याचा फोटो काढावा. वरच्या झाकणावरील अश्वशक्तीच्या आकड्यावर विसंबू नये. जुन्या मशीनची झाकणे बदललेली असतात, आणि एकाच अश्वशक्तीच्या दोन वेगवेगळ्या वर्षांच्या मशीनांची गिअरकेस, म्हणजे पाण्यात राहणारी गिअरची पेटी, वेगळी असू शकते. पंखा बसतो तो गिअरकेसवर, त्यामुळे महत्त्व तिला आहे. नाव वेगळे आणि गिअरकेस एकच असेही घडते. निस्सान नावाने विकली गेलेली आउटबोर्ड मशिने मुळात तोहात्सूने बनवलेली असल्यामुळे त्यांचे पंखे तोहात्सूच्या यादीत शोधावे लागतात. एव्हिनरूडचे उत्पादन २०२० मध्ये बंद झाले. जॉन्सन हे नाव त्याच्याही आधी बाजारातून गेले. त्यामुळे अशा मशीनच्या मालकाला सोलास किंवा मिशिगन व्हील यांसारख्या केवळ पंखे बनवणाऱ्या कंपन्यांच्या तक्त्यांतून मॉडेल आणि वर्ष जुळवूनच पंखा निवडावा लागतो.

मशीनचे माहितीपुस्तक मिळाले तर त्यातील दोन आकडे टिपून ठेवावेत. पहिला म्हणजे पूर्ण थ्रॉटलवर अपेक्षित असलेल्या फेऱ्यांची मर्यादा. अनेक लहान-मध्यम टू-स्ट्रोक मशीनांसाठी ती मिनिटाला ४५०० ते ५५०० फेरे अशी असते, परंतु स्वतःच्या मॉडेलचा आकडा पाहिल्याशिवाय हा गृहीत धरू नये. दुसरा आकडा गिअरच्या प्रमाणाचा, म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्यामागे इंजिन किती फेरे मारते याचा. पुस्तक नसेल तर हे प्रमाण हाताने काढता येते. स्पार्क प्लग काढावेत, त्यांच्या वायरी इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवाव्यात, गिअर पुढे टाकावा, फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या माथ्यावरील जड चाकावर) आणि पंख्याच्या एका पात्यावर खडूने खूण करावी आणि फ्लायव्हील चालण्याच्या दिशेने हळूहळू फिरवत न्यावे. पंख्याचे दहा फेरे पूर्ण होईपर्यंत फ्लायव्हीलचे किती फेरे झाले ते मोजून त्या संख्येला दहाने भागावे. एकाच फेऱ्यावर मोजल्यास गिअरमधील ढिलाईमुळे उत्तर चुकते, म्हणून दहा. लहान मशीनांत हे उत्तर बहुधा दोनच्या आसपास येते.

पंख्यावरील आकडे आणि ते पुसले गेले असतील तर

पंख्याच्या मधल्या नळीवर किंवा पात्याच्या मुळाशी दोन आकडे कोरलेले असतात आणि ते इंचात असतात. पहिला आकडा व्यासाचा. पाती फिरताना त्यांची टोके जे वर्तुळ काढतात त्याचा तो व्यास होय. दुसरा आकडा पिचचा. पाणी जराही सरकले नाही असे मानल्यास एका फेऱ्यात पंखा जितके इंच पुढे जाईल तो आकडा. यामाहाच्या पंख्यांवर या दोन आकड्यांनंतर जी, जे, के यांसारखे एक अक्षरही असते. ते अक्षर पंखा कोणत्या शाफ्टच्या आणि गिअरकेसच्या मापाचा आहे हे सांगते. ते तंतोतंत जुळलेच पाहिजे.

जुन्या पंख्यावरील आकडे वाळूने आणि कानशीने घासून नाहीसे झालेले असतात. अशा वेळी व्यास मोजण्यासाठी शाफ्टच्या मध्यापासून एका पात्याच्या टोकापर्यंतचे अंतर घेऊन दुप्पट करावे, कारण तीन पात्यांच्या पंख्यात एका टोकाच्या अगदी समोर दुसरे टोक नसते. तिन्ही पाती स्वतंत्र मोजावीत आणि सर्वांत लांब भरेल ते प्रमाण मानावे, कारण बाकीची झिजलेली असतात.

पिच मोजणे थोडे किचकट आहे, पण घरातील टेबलावर होण्यासारखे आहे. सपाट टेबलावर एक मोठा कागद पसरावा आणि पंखा त्याच्या मधल्या नळीवर असा उभा ठेवावा की पाती आडवी राहतील. शाफ्टच्या मध्यापासून पात्याच्या लांबीच्या सुमारे सात दशांश अंतरावर, म्हणजे १० इंची पंख्यात ३.५ इंचांवर, पात्यावर खडूने एक चाप काढावा. हा चाप पात्याच्या पुढच्या कडेला जेथे मिळतो तेथून आणि मागच्या कडेला जेथे मिळतो तेथून गुण्याच्या साहाय्याने खाली कागदावर सरळ खुणा उतरवाव्यात, आणि त्याच वेळी दोन्ही कडांची टेबलापासूनची उंची मोजावी. दोन्ही खुणा मध्यबिंदूशी जोडल्या की त्यांच्यातील कोन कोनमापकाने मिळतो. दोन उंचींच्या फरकाला ३६० ने गुणून त्या कोनाने भागले की पिच निघते. समजा उंचीतील फरक २ इंच आणि कोन ७० अंश भरला, तर २ गुणिले ३६० भागिले ७० म्हणजे १०.३, अर्थात साधारण सव्वादहा इंच पिच. हे माप तिन्ही पात्यांवर घ्यावे. तिन्हींची उत्तरे एकमेकांपासून अर्ध्या इंचाहून अधिक दूर असतील तर पंखा कधीतरी वाकलेला आहे, आणि त्याचे माप नव्या खरेदीसाठी जसेच्या तसे वापरणे धोक्याचे आहे.

येथे आणखी एक गोष्ट पाहावी. काही पंख्यांच्या पात्याची मागची कड किंचित आत वळवलेली असते. तिला कप म्हणतात. अशा पंख्याचा परिणाम त्याच्या छापील पिचपेक्षा अर्धा ते एक इंच अधिक पिचच्या पंख्यासारखा होतो. कप असलेला जुना पंखा काढून त्याच आकड्याचा साधा पंखा बसवला तर फेरे वाढतात, आणि कारण लवकर लक्षात येत नाही.

पूर्ण थ्रॉटलचे फेरे मोजणे

पिच जास्त असणे म्हणजे माल भरलेला ट्रक वरच्या गिअरमध्ये घाट चढवणे. इंजिन गुरगुरते, ताकद लावते, पण फेरे वाढत नाहीत. अशा अवस्थेत तासन्‌तास चालवलेल्या टू-स्ट्रोक इंजिनात उष्णता साठते, पिस्टनवर काजळी धरते, रिंगा चिकटतात आणि शेवटी पिस्टनला भोक पडण्यापर्यंत वेळ येते. पिच फार कमी असेल तर उलट घडते. थ्रॉटल पूर्ण उघडताच फेरे मर्यादेच्या वर जातात, आणि जुन्या मशीनांत फेरे आपोआप रोखणारी यंत्रणा बहुधा नसल्यामुळे बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड यांची झीज होते. यांपैकी पहिला प्रकार अधिक आढळतो, कारण जास्त पिच म्हणजे जास्त वेग असा समज रूढ आहे. हलक्या होडीत तो काही अंशी खरा ठरतो. जाळे, बर्फ, इंधनाचे डबे आणि चार माणसे घेऊन निघालेल्या होडीत तो मशीनचे आयुष्य कमी करतो.

फेरे मोजण्यासाठी स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचा लहान टॅकोमीटर पुरेसा आहे. त्याची मांडणी मात्र बरोबर असली पाहिजे. टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक प्लगवर एक ठिणगी पडते, म्हणून टॅकोमीटर एका फेऱ्याला एक ठिणगी या पर्यायावर ठेवावा. दुसरा पर्याय राहिला तर आकडा निम्मा किंवा दुप्पट दिसतो. मशीन सावकाश चालू असताना सुमारे १००० च्या आसपासचा आकडा दिसतो की नाही, यावरून मांडणीची खात्री होते.

मोजणीपूर्वी मशीन आणि होडी ठीक आहेत याची खात्री करणे आवश्यक आहे, अन्यथा आपण दुखण्यावर पंख्याचा उपचार करू. दोन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, जवळपास सारखे असावे, प्लग स्वच्छ असावेत, आणि थ्रॉटलची केबल ताणली की कार्ब्युरेटरची झडप खरोखर पूर्ण उघडते आहे हे झाकण काढून डोळ्यांनी पाहावे. जुन्या मशीनांत केबल सैल होऊन झडप तीनचतुर्थांशच उघडत असल्याचे अनेकदा आढळते. होडीचे बूड खरवडून घ्यावे, कारण शेवाळ आणि बार्नॅकल यांचा थर बसलेल्या बुडामुळे फेरे सहज काही शेकड्यांनी उतरतात. मशीनची उंचीही तपासावी. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती साधारणपणे होडीच्या बुडाच्या पातळीत किंवा किंचित वर असावी. लहान शाफ्टचे मशीन १५ इंच उंचीच्या फळीसाठी आणि लांब शाफ्टचे २० इंचांच्या फळीसाठी असते. भलत्याच फळीवर बसवलेल्या मशीनला कोणताही पंखा न्याय देऊ शकत नाही.

केरोसीनवर चालवल्या जाणाऱ्या मशीनसाठी आणखी एक दक्षता घ्यावी. केरोसीनवर इंजिनाची ताकद पेट्रोलपेक्षा कमी असते. आपण ज्या इंधनावर रोज काम करतो त्याच इंधनावर, इंजिन चांगले तापल्यानंतर मोजणी करावी. पेट्रोलवर घेतलेला आकडा पाहून निवडलेला पंखा केरोसीनवर जड पडतो.

चाचणीसाठी पाणी स्थिर असावे. उधाणाच्या दिवसांत मालाडच्या किंवा मनोरीच्या खाडीत भरती-ओहोटीचा ओढा जोरात असतो, त्यामुळे भांगाचे, म्हणजे कमी भरतीचे, दिवस आणि भरती थांबण्याची वेळ निवडावी. दोन माणसे हवीत. एकाने टिलर (मशीन वळवण्याचा दांडा) धरावा आणि पुढे पाहावे, दुसऱ्याने आकडे वाचावेत. दोघांच्याही अंगात लाइफ जॅकेट असावे आणि मशीन बंद करण्याची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली असावी. जेट्टी आणि प्रवासी बोटींच्या वाटेपासून दूर, मोकळ्या पाण्यात, थ्रॉटल हळूहळू पूर्ण उघडावा, आकडा स्थिर होऊ द्यावा, आणि फेरे व मोबाइलच्या जीपीएसवरील वेग दोन्ही लिहून घ्यावेत. नंतर त्याच रेषेत उलट दिशेने जाऊन पुन्हा लिहावेत व वेगाची सरासरी काढावी. ही मोजणी दोनदा करावी: एकदा रोजच्या पूर्ण ओझ्यासह आणि एकदा होडी हलकी असताना. ओझे आणण्याचा कंटाळा करू नये. पाण्याने भरलेली पिंपे जाळ्याची आणि मासळीची जागा चांगली भरून काढतात.

आकड्यावरून पिच ठरवणे

पिच एक इंचाने कमी केली की पूर्ण थ्रॉटलचे फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात, आणि एक इंचाने वाढवली की तितकेच उतरतात. समजा मशीनची मर्यादा ४५०० ते ५५०० आहे, सध्याचा पंखा १३ इंच पिचचा आहे आणि पूर्ण ओझ्यासह इंजिन ४४०० च्या वर जात नाही. ओझ्यासह आपल्याला ते ५००० च्या आसपास हवे आहे. कमतरता ६०० फेऱ्यांची. म्हणजे पिच तीन ते चार इंचांनी उतरवावी लागेल. तीन इंच उतरवून १० इंचांचा पंखा बसवला तर इंजिन ४८५० ते ५००० पर्यंत येईल आणि हलक्या होडीतही मर्यादेच्या आत राहण्याची शक्यता चांगली आहे. हलक्या होडीत फेरे ५५०० च्या पलीकडे जात असतील तर १० आणि १३ च्या मधला पंखा पाहावा, किंवा हलकी होडी चालवताना थ्रॉटल आवरता घ्यावा. माझे मत असे की मासेमारीच्या होडीने पंखा नेहमी ओझ्यासाठी निवडावा. पकड घेऊन परतताना, समोरून वारा असताना आणि ओहोटीविरुद्ध जाताना मशीनला जी ताकद लागते तिच्याशी तडजोड करू नये.

दुसरी पडताळणी स्लिपची, म्हणजे पाणी सरकल्यामुळे वाया जाणाऱ्या वेगाची. इंजिनाच्या फेऱ्यांना पिचच्या इंचांनी गुणावे आणि त्याला गिअरच्या प्रमाणाने व नंतर १२१५ ने भागावे. जे येते तो पाणी न सरकल्यास मिळणारा वेग, नॉटमध्ये. वरच्या उदाहरणात गिअरचे प्रमाण २ असल्यास ४४०० गुणिले १३ भागिले २४३० म्हणजे सुमारे २३.५ नॉट. जीपीएसने १६ नॉट दाखवले असतील तर ३२ टक्के वेग पाण्याच्या सरकण्यात गेला. हलक्या, पाण्यावर तरंगत धावणाऱ्या होडीत १० ते २० टक्के स्लिप सामान्य मानली जाते; जड, पाणी कापत जाणाऱ्या होडीत ती बरीच जास्त असते आणि त्यात दोष नाही. हा आकडा पंखा बदलण्यापूर्वी आणि बदलल्यानंतर ताडून पाहण्यासाठी उपयोगाचा आहे. नव्या पंख्याने फेरे वाढले, स्लिप कमी झाली आणि वेग तेवढाच राहिला किंवा वाढला, तर निवड बरोबर ठरली.

फेरे जास्त आणि वेग कमी असे दिसले की लगेच जास्त पिचचा पंखा घेण्याची घाई करू नये. याची तीन वेगवेगळी कारणे असू शकतात. पिच खरोखरच कमी असेल तर फेरे थ्रॉटलबरोबर नेमस्तपणे वाढत जातात आणि वरच्या टोकालाच मर्यादा ओलांडतात. पंखा हवा ओढत असेल तर वळताना किंवा लाटेवरून उतरताना फेरे एकदम उसळतात आणि थ्रॉटल कमी केला की पकड परत येते. हा मशीनच्या उंचीचा किंवा कलण्याच्या कोनाचा दोष असतो. तिसरे कारण पंख्याच्या पोटातील रबराच्या बुशचे, म्हणजे पंखा शाफ्टशी जोडणाऱ्या रबरी नळीचे, आहे. सावकाश चालवताना होडी ठीक चालते, जोर दिला की इंजिन ओरडते आणि होडी जागच्या जागी राहते. याची खात्री करण्यासाठी पंख्याच्या मागच्या तोंडाशी, आतल्या धातूच्या नळीपासून रबरावरून बाहेरच्या नळीपर्यंत, एक सरळ रेघ ऑइलपेंटने ओढावी आणि होडी जोराने चालवून आणावी. रेघ तुटून दोन भाग एकमेकांपासून सरकलेले दिसले तर रबर सुटले आहे. चांगली पाती असलेल्या पंख्याचे रबर नवे दाबून बसवता येते, पण ते योग्य प्रेसवरच झाले पाहिजे.

पाती, धातू आणि शाफ्ट

तीन पात्यांचा पंखा बहुतेक होड्यांना पुरतो. चार पात्यांचा पंखा ओझ्यासह पाणी अधिक घट्ट धरतो, कंप कमी करतो आणि खवळलेल्या पाण्यात सुटत नाही. मात्र त्याने फेरे थोडे उतरतात, म्हणून तो घेताना पिच साधारण एक इंचाने कमी ठेवावी.

मुंबईच्या किनाऱ्यावर काळ्या खडकांची आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाची वाट चुकवता येत नाही, म्हणून जुन्या मशीनसाठी ॲल्युमिनियमचाच पंखा मला योग्य वाटतो. स्टेनलेस स्टीलचे पाते पातळ, मजबूत आणि कार्यक्षम असते हे खरे, परंतु खडकावर बसलेला मार ॲल्युमिनियमचे पाते स्वतः वाकून झेलते, तर स्टीलचे पाते तो शाफ्ट आणि गिअरपर्यंत पोहोचवते. जुन्या मशीनचे गिअर मिळवणे पंखा मिळवण्यापेक्षा फार कठीण आहे. ॲल्युमिनियमच्या पंख्याला तांबे असलेला बुडाचा रंग कधीही लावू नये. खाऱ्या पाण्यात तांबे ॲल्युमिनियमला खाते. गिअरकेसवरील जस्ताचा तुकडा अर्ध्याहून अधिक झिजला असेल तर पंख्याबरोबर तोही बदलावा, आणि त्यावर रंग चढवू नये.

शाफ्टची जोडणी दोन प्रकारची असते. लहान आणि फार जुन्या मशीनांत आडवी शिअर पिन असते, जी मार बसताच तुटून गिअर वाचवते. तिच्या जागी खिळा किंवा कडक पोलादाचा तुकडा घालणे म्हणजे गिअर मोडण्याची तजवीज करणे. त्याच मापाची आणि उत्पादकाने सांगितलेल्या धातूचीच पिन घालावी. इतर मशीनांत शाफ्टवर उभे दाते असतात आणि ताण रबराचे बुश घेते. दात्यांची संख्या मोजून लिहावी. जुना पंखा सोबत नेल्यास दुकानात ती पडताळता येते. शिवाय मशीनचा धूर पंख्याच्या मधल्या नळीतून बाहेर जातो की वरून कोठून, हे नक्की करावे; नळीतून धूर सोडणाऱ्या मशीनला बंद नळीचा पंखा लावला तर इंजिनाची घुसमट होते. नळीचा पुढचा व्यास गिअरकेसच्या मागच्या व्यासाशी जुळला पाहिजे, आणि बहुतेक एकाच मशीनच्या होड्यांत पंखा मागून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरणारा असतो, याकडेही लक्ष असावे.

खरेदी

मुंबईतील दारूखाना या भागात जुने सागरी सामान विकणाऱ्या दुकानांत वापरलेले पंखे मिळतात आणि त्यांत चांगले नगही असतात. वापरलेला पंखा घेताना पात्याच्या मुळाशी, जेथे ते नळीला मिळते, तेथे नखाने चाचपून बारीक भेग शोधावी. भेग असेल तर पंखा घेऊ नये, ती वेल्डिंगने भरलेली असली तरी. कडेचे छोटे खळगे कानशीने गुळगुळीत करता येतात, पण एक पाते इतरांपेक्षा आखूड घासलेले असेल तर कंप येतो आणि शाफ्टचे सील (पाणी आत जाऊ न देणारे रबरी कडे) लवकर जाते. दाते दुसऱ्या कोणत्या शाफ्टवर झिजून धारदार झाले असतील तर तोही पंखा बाजूला ठेवावा. पंख्याबरोबरचे वॉशर, बाहेरची नट आणि ती सुटू नये म्हणून घालायची कॉटर पिन जुन्या मशीनांत बेपत्ता असतात किंवा दुसऱ्याच मापाची लावलेली असतात. ती मॉडेलप्रमाणे पूर्ण संच म्हणून घ्यावीत.

बसवणे

मशीन बंद करून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, स्पार्क प्लगच्या वायरी काढाव्यात आणि बंद करण्याची दोरीही काढून ठेवावी. पाते आणि वरची आडवी पट्टी यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवला की नट फिरवताना पंखा फिरत नाही. हाताने पाते धरून नट सोडवू नये. पंखा खेचून काढल्यावर पुढच्या जाड वॉशरच्या मागे, शाफ्ट जेथे गिअरकेसमध्ये शिरतो तेथे, नीट पाहावे. आपल्या पाण्यात तरंगणारी नायलॉनची दोरी, जाळ्याचे तुकडे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या येथे येऊन गुंडाळल्या जातात. बारीक तंगूस वितळून सीलच्या ओठात कड्यासारखा रुतून बसलेला असतो आणि केवळ बोटाने तो जाणवत नाही. टॉर्चचा उजेड तिरपा टाकून, लाकडी काडीने कड उचलून तो बाहेर काढावा लागतो. तेथे इजा झाली असेल तर गिअरकेसच्या खालचा स्क्रू किंचित सैल करून तेल पाहावे. तेल दुधासारखे पांढरट आले तर आत पाणी गेले आहे, आणि सील बदलल्याशिवाय नवा पंखा बसवण्यात अर्थ नाही.

शाफ्ट कोरड्या कपड्याने पुसून दात्यांवर पाण्यात न धुऊन जाणारे सागरी ग्रीस सर्व बाजूंनी लावावे. ग्रीस नसेल तर वर्षभरात पंखा शाफ्टवर असा गंजून बसतो की तो काढण्यासाठी आग लावावी लागते आणि रबर जळते. वॉशरची उतरती बाजू शाफ्टच्या उताराला मिळेल अशी बसवावी. उलटी बसल्यास पंखा मागे राहतो आणि जोर भलत्याच ठिकाणी येतो. नंतर पंखा, मागचा स्पेसर आणि नट या क्रमाने चढवावे. नट पुस्तकात दिलेल्या जोराने आवळावी, खाच आणि शाफ्टचे भोक एका रेषेत येत नसतील तर किंचित पुढे आवळून जुळवावी, आणि नवी स्टेनलेस कॉटर पिन घालून तिची टोके वळवावीत. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरू नये. शेवटी न्यूट्रलमध्ये पंखा हाताने फिरवून तो कोठे घासत नाही ना, हे पाहावे.

पाण्यात उतरवल्यावर पहिल्यासारखीच मोजणी पुन्हा करावी, त्याच ओझ्यासह आणि त्याच पाण्यात. या वेळी पंख्याशिवाय दुसरे काहीही बदललेले नसावे, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. फेरे अपेक्षित ठिकाणी आले तर मॉडेल, पिच, व्यास, ओझे आणि फेरे हे आकडे मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूस पक्क्या शाईने लिहून ठेवावेत. पुढचा पंखा घेताना ते सर्वांत उपयोगी पडतात. पहिल्या जोरदार फेरीनंतर नट पुन्हा तपासावी, आणि त्यानंतर दर काही महिन्यांनी पंखा काढून दोरा साफ करावा व ग्रीस बदलावे. जुना पंखा चालण्यासारखा असेल तर टाकू नये. तो, एक नट, एक वॉशर, दोन कॉटर पिना किंवा शिअर पिना, नटला बसणारा पाना आणि लाकडाचा ठोकळा एका पिशवीत बांधून होडीतच ठेवावा. समुद्रात पाते मोडल्यावर तो जड पंखा कमी थ्रॉटलवर घर गाठून देतो.